टिबेलस : गवतावरील कोळ्यांची एक प्रजाती

माळरानावरील गवतातून जाळी फिरविली असता काडीसारखा लांबट, पिवळसर कोळी पुष्कळदा हाती लागतो. पायांच्या पुढील दोन जोड्या पुढे व शेवटची मागे ताणून तो गवताच्या पात्यास समांतर बसतो. त्यामुळे सहसा दृष्टीस पडत नाही. टिबेलस ही त्याची प्रजाती होय. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ यूजेन सिमाँ यांनी ती १८७५ मध्ये स्थापिली. तीत आज सुमारे ५० जाती गणल्या जातात.

फिलोड्रोमिडी म्हणजे धावत्या खेकडा-कोळ्यांचे कुल. पूर्वी त्याची गणना थोमिसिडी या खेकडा-कोळ्यांच्या कुलात होत असे. परंतु थोमिसिडींचे पुढील चार पाय मागील पायांहून बरेच लांब व दणकट असतात. फिलोड्रोमिडींचे पाय बारीक व पुष्कळसे सारखे असतात. पायांच्या टोकांशी असलेल्या केसांच्या झुबक्यांमुळे हे कोळी गुळगुळीत पानावरही वेगाने धावतात. भक्ष्यासाठी ते जाळे विणीत नाहीत.

प्रजाती ओळखणे सोपे, जाती ठरविणे मात्र अवघड. उदरावरील मधला उभा पट्टा अनेक जातींत आढळतो. यूरोपात टिबेलस ऑब्लाँगस व टिबेलस मॅरिटिमस या जाती दिसावयास इतक्या सारख्या आहेत की, नराचे पादमृश व मादीचे बाह्य जननांग तपासल्यावाचून निर्णय देता येत नाही.

हा प्रश्न आपल्याही अंगणातील आहे. बी. के. टिकादर यांनी १९६२ मध्ये टिबेलस पूनाएन्सिस, टिबेलस कात्रजघाटस व टिबेलस चतुरशिंगी, आणि १९८० मध्ये टिबेलस पाषाणेन्सिस या जाती वर्णिल्या. चारही नावे पुणे परिसराची साक्ष देतात. एकाच परिसरात इतक्या जाती असणे अशक्य नाही. पण केवळ नावे चार आहेत म्हणून जाती चार, असेही सिद्ध होत नाही. त्यासाठी मूळ स्थळांवरून नर-मादींचे पुरेसे नमुने मिळवून ते प्ररूप नमुन्यांशी ताडून पाहावे लागतील. दरम्यान शहराच्या वाढीत तेथील गवताळ जमीन आकसत चालली आहे. म्हणून विद्यार्थ्यांनी प्रत्येक नमुना ७० टक्के अल्कोहोलात ठेवून त्यासोबत स्थळ, तिथी व गवताचा प्रकार अवश्य नोंदवावा.