घरात 'निमो' आणायचाय? मग आधी महिना-दीड महिना रिकामा टँक सांभाळायची तयारी ठेवा

निळ्या उजेडात डुलणारे प्रवाळ आणि त्यातून लपाछपी खेळणारा केशरी-पांढरा मासा. असं रील तुमच्याही फीडमध्ये कधी ना कधी आलं असेलच. २००३ मध्ये 'फाइंडिंग निमो' आला आणि हा क्लाउनफिश घराघरांत ओळखीचा झाला.

रील बघून वाटतं, गोल्डफिश सांभाळले, मग हे काय अवघड आहे? इथंच गणित फसतं. कारण रीफ टँकमध्ये मासे नंतर सांभाळायचे असतात, आधी सांभाळायचं असतं ते पाणी.

पाणी कुठलं लागतं?

पहिला मोह होतो तो चौपाटीवरून कॅन भरून आणायचा. पण शहराजवळच्या किनाऱ्यावर सांडपाणी, तेल, गाळ असं सगळंच मिसळलेलं असतं. स्वयंपाकघरातलं मीठही चालत नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडसोबत कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही असतं आणि प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियमपासूनच बनतो.

म्हणून खास रीफ सॉल्ट घ्यावं लागतं. समुद्रात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे १०० लिटरच्या टँकला साधारण साडेतीन ते चार किलो सॉल्ट लागतं. ते मिसळायचं शुद्ध आरओ पाण्यात. घरातल्या बऱ्याच प्युरिफायरमध्ये चवीसाठी क्षार परत मिसळलेले असतात, त्यामुळे ते पाणी नको. तांब्याच्या भांड्यातलं तर मुळीच नको. आपल्याला तांबं चालतं, पण प्रवाळ आणि कोळंबीला ते विषासारखं असतं.

मग मासे कधी सोडायचे?

लगेच नाही. मासे पाण्यात अमोनिया सोडतात आणि तो थोडासाही त्यांच्या जिवावर उठतो. समुद्रात ही घाण बॅक्टेरिया निस्तरतात. अमोनियाचं नायट्राइट होतं आणि नायट्राइटचं त्या मानाने कमी घातक नायट्रेट. नव्या टँकमध्ये हे बॅक्टेरिया पुरेसे नसतात. ते सच्छिद्र दगडांमध्ये हळूहळू वस्ती करतात आणि त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

या काळात पाणी फिरतं ठेवायचं, चिमूटभर खाद्य टाकायचं आणि टेस्ट किटने मोजत राहायचं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि तसेच टिकले, की पहिला मासा आणायचा. मध्येच काचेवर तपकिरी थर चढतो. घाबरायचं कारण नाही, नव्या टँकमध्ये तो येतोच.

नवशिक्यांचे बरेच टँक याच टप्प्यात मार खातात. शनिवारी टँक लावायचा, रविवारी चार मासे सोडायचे आणि पुढच्या रविवारी दुकानदाराला दोष द्यायचा!

रोजचं काम काय?

आमटी आटली की खारट होते, तसंच टँकचं होतं. उडून जातं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची घट साध्या आरओ पाण्याने भरायची, खाऱ्या पाण्याने नाही. आठवड्याला साधारण दहा टक्के पाणी बदलायचं, तेव्हा मात्र नवं पाणी खारं हवं.

दुसरं काम तापमानाचं. ते २५ ते २७ अंशांच्या आसपास हवं. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला मिळतं. पाणी फार तापलं की ही भागीदारी तुटते आणि प्रवाळ पांढरा पडतो. समुद्रातही 'ब्लीचिंग' म्हणतात ते हेच. त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात पंखा किंवा चिलरशिवाय भागत नाही. वीज गेली तर ऑक्सिजन कमी पडतो, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप जवळ ठेवलेला बरा.

आता सर्वात महत्त्वाचं, कायदा!

परदेशातल्या रील्समध्ये दिसणारे बरेच प्रवाळ भारतात सहज विकत घेता येत नाहीत. दगडी सांगाडा बनवणारे सगळे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली अनुसूची १ मध्ये संरक्षण आहे. वाघही याच अनुसूचीत आहे. मेलेला पांढरा तुकडा शोपीस म्हणून विकणंसुद्धा गुन्हा ठरतो. 'इंद्रजाल' नावाने शुभ म्हणून विकली जाणारी काळी जाळीदार फांदी ही वनस्पती नसते. तो काळा प्रवाळ किंवा समुद्रपंखा असतो.

मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. तिथं स्नॉर्केलिंग करताना ते डोळ्यांनी बघायचे, खिशात घालायचे नाहीत.

मग टँकमध्ये ठेवायचं काय? क्लाउनफिश हा चांगला पर्याय आहे, कारण त्याची पैदास बंदिस्त टाक्यांमध्ये होते. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हे तंत्र विकसित केलंय. शिवाय त्याला जगायला ॲनिमोन लागतोच असं नाही. निळ्या 'डोरी'चा मोह मात्र टाळा. तिला फार मोठा टँक लागतो. मऊ प्रवाळ घेतानाही जात कोणती आणि ती कुठून आली, याची कागदपत्रं मागायचीच.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. बटणांसारखे दिसणारे काही झोअँथिड प्रवाळ 'पॅलिटॉक्सिन' हे अत्यंत जहाल विष बाळगतात. दगड साफ करायला उकळले आणि त्या वाफेने अख्खं घर आजारी पडलं, असे प्रकार परदेशात घडलेत. त्यामुळे टँकमधला दगड कधीही उकळायचा नाही आणि हाताळताना हातमोजे व गॉगल घालायचा.

एवढं सगळं करायला वेळ नसेल, तर टँक न घेणं हाही चांगला निर्णय आहे. घ्यायचाच असेल, तर पहिल्या दिवशी मासा आणू नका, टेस्ट किट आणा.