बोट उतरेना

सोमवारी दुपारी पोळ्या करत होते आणि ओटा हळूच डावीकडे कलला. मी लाटणं सोडून ओट्याची कड धरली. पोळपाट जागच्या जागी होता, तव्यावरची पोळी फुगत होती, खिडकीतल्या तुळशीचं पानही हलत नव्हतं. पायाखालची फरशी मात्र सावकाश वर आली, क्षणभर थांबली आणि उजवीकडे उतरली.

"अहो, भूकंप होतोय का?"

"नाही गं," बाहेरच्या खोलीतून आवाज आला. "मघाशी आंघोळ करताना मीही नळ धरून उभा होतो."

आदल्या दिवशी सकाळी आम्ही बॅलार्ड पियरला उतरलो होतो. मुंबई–गोवा–मुंबई, तीन रात्री. लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला मुलांनी दिलेली भेट. गंमत अशी, की बोटीवर आम्हाला काहीच झालं नव्हतं. लिंबू, आवळासुपारी, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या अशी माझी जय्यत तयारी होती. आवळासुपारी सहज तोंडात टाकता टाकता संपली, बाकीचं तसंच परत आलं. सीएसएमटीला मुलुंडची धिमी लोकल धरली, तेव्हाही सगळं ठीक होतं. घरात येऊन न हलणाऱ्या जमिनीवर पाय ठेवला आणि समुद्र सुरू झाला.

रत्नागिरीला सासूबाईंना फोन केला. त्या हसल्याच. "बोट लागली नाही तुम्हाला. तुमची बोट अजून उतरली नाही."

हा फरक त्यांच्या पिढीला ठाऊक आहे. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. त्याच्या कितीतरी आधी मुंबई आणि कोकण यांच्यात धावायची ती बोट. पावसाळा सरला की सुरू व्हायची. हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले करत जायची. पुष्कळ ठिकाणी ती धक्क्याला लागायचीच नाही. दूर पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावात उतरवाव्या लागायच्या. नजर लागते, ठसका लागतो, तशी आपल्याकडे बोट लागते. डॉक्टरांचा 'नॉशिया' हा शब्दही मुळात हेच सांगतो. ग्रीक भाषेत 'नाउस' म्हणजे जहाज, त्यावरून तो आला. संस्कृतातली 'नौ' ही त्या 'नाउस'ची बहीण, म्हणजे मळमळ आणि नौका एकाच कुळातल्या निघाल्या.

ही बोट लागते कानात. पोटाला फक्त निरोप मिळतो. कानाच्या आतल्या भागात, कवटीच्या हाडात, तीन बारीक अर्धगोल नळ्या एकमेकींना काटकोनात बसवलेल्या असतात. मान कशीही वळवा, त्यांतल्या कुठल्या ना कुठल्या नळीतलं पाणी मागे रेंगाळतं आणि मेंदूला वळल्याचं कळतं. त्यांच्या बुडाशी दोन इवल्या पिशव्या आहेत. त्यांत मऊ, चिकट थरावर स्फटिकांची बारीक खडी पसरलेली असते. डोकं कललं, किंवा शरीर वर-खाली, पुढे-मागे गेलं, की वजनामुळे ही खडी जराशी घसरते, खालचे सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूला खबर जाते. खडी कसली, तर कॅल्शियम कार्बोनेटची. मालवणच्या वाळूतला शिंपला ज्याचा बनतो, त्याचीच. आपण सगळेच दोन्ही कानांत थोडा थोडा समुद्रकिनारा घेऊन फिरतो, हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळलं.

आमची केबिन खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मधोमध, बिनखिडकीची होती, स्वस्तातली. पहिल्या रात्री कपाट उघडलं तर सगळे हँगर एका तालात झुलत होते. जरा बघत बसल्यावर लक्षात आलं, की हँगर सरळ लोंबताहेत आणि झुलतेय ती खोली, आमच्यासकट. डोळ्यांना भिंती स्थिर दिसतात, कानातली खडी सांगते हलतोय. या भांडणातून मळमळ येते. म्हणूनच डेकवर जाऊन क्षितिज बघत उभं राहिलं की बरं वाटतं, कारण तिथे डोळेही कानाची बाजू घेतात. 1882 साली विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मूकबधिर माणसांची पाहणी केली. त्यांतल्या अनेकांना गरगर फिरवूनही चक्कर येत नव्हती, आणि खवळलेल्या समुद्रातही ज्यांना बोट लागली नव्हती, अशीही माणसं त्यांत होती. त्यांच्या कानातला हा साक्षीदारच गप्प होता.

मग आमचे साक्षीदार तीन दिवस गप्प कसे राहिले? श्रेय जहाजाच्या आळसाला. 1970च्या दशकात अमेरिकेत माणसांना एका बंद खोलीत बसवून ती खोली वेगवेगळ्या तालांत वर-खाली हलवून पाहिली. साधारण पाच सेकंदांना एक हेलकावा, हा ताल सर्वांत वाईट निघाला. छोटी बोट प्रत्येक लाटेचं ऐकते, त्यामुळे या तालात ती पटकन सापडते. आमची 'एम्प्रेस' 1990 साली फ्रान्समध्ये सँ-नाझेरला बांधलेली, लांबी 211 मीटर, टनेज सुमारे 48,500. (हे टन वजनाचे नव्हेत, आतल्या जागेचे आहेत. आमच्या यांनी जेवणाच्या टेबलावर चार अनोळखी लोकांना हे समजावून सांगितलं.) एवढं धूड या कुशीवरून त्या कुशीवर वळून परत यायला पंधरा-वीस सेकंद सहज घेतं. एवढ्या संथ झोक्याला पाळण्यातलं बाळही झोपेल.

पण डेकवरून खाली वाकून पाहिलं तेव्हा माझ्या पोटात वेगळाच गोळा आला. पाण्याच्या वर दहा मजली इमारत आणि खाली, पाण्यात, जेमतेम सात-आठ मीटर. हे उलटत कसं नाही?

इंजिनं, तेल, पाण्याच्या टाक्या हे सगळं जडजड सामान तळाशी असतं, हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं पाण्याकडे आहे. जहाज एका बाजूला कललं, की त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात बुडतो. मग पाण्याचा वर ढकलणारा जोरही त्याच बाजूला सरकतो आणि खांद्याखाली हात घालून उठवावं तसा जहाजाला पुन्हा उभं करतो. या जोराची रेघ कललेल्या जहाजाच्या मधल्या रेघेला जिथे छेदते, तो बिंदू म्हणजे मेटासेंटर. तो जहाजाच्या गुरुत्वमध्याच्या वर असेल तर जहाज सावरतं, खाली गेला तर उलटतं. हे गणित 1746 साली ग्रंथात मांडलं पिएर बूगेर या फ्रेंच माणसानं. पृथ्वीचा आकार मोजण्याच्या मोहिमेवर तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात वर्षानुवर्षं अडकला होता आणि जहाजांवरच्या त्या ग्रंथाचा बराचसा भाग त्यानं डोंगरात बसून लिहिला.

मला सर्वांत चकित केलं ते पुढच्या गोष्टीनं. मेटासेंटर फार वर ठेवून जहाज अतिस्थिर करता येतं, पण मग ते प्रत्येक कलण्यातून हिसका मारून उठतं. भांडी फुटतात, माणसं आडवी होतात. म्हणून प्रवासी जहाज मुद्दाम बेताचंच स्थिर ठेवतात. जरा ढिलं, म्हणून सुखाचं. शिवाय पोटाखाली दोन बाजूंना पंख असतात. जहाज कलू लागलं की ते वळून पाण्याचा जोर उलट दिशेला लावतात.

सासूबाईंना हे सांगितलं तर त्यांच्या तोंडून आधी 'रामदास'च निघाली. 17 जुलै 1947, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट. मोठ्या लाटेनं ती कलली, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि सहाशेहून अधिक जीव गेले. माणसांचं वजनही गणितात धरावं लागतं. त्यानंतर कितीतरी वर्षं कोकणातल्या आया पोरांना बोटीत बसवताना देवाला नारळ बोलत.

इकडे घरात आमचं जहाज चालूच होतं. मंगळवारी कुकरची शिटी झाली आणि मला केबिनचा नळ आठवला. तिथे पहिल्या रात्री सवयीनं यांनी भरून ठेवायला बादली शोधली होती. त्या नळाला वेळच नव्हती! दर लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम मीठ असलेल्या समुद्रातून गोडं पाणी काढायची जहाजांची एक जुनी रीत म्हणजे कुकरचा उलटा खेळ. कुकरमध्ये दाब वाढवला की पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊन उकळतं. तिथे हवा खेचून दाब इतका कमी करतात, की पाणी पन्नासच्या आसपासच उकळू लागतं, आणि तेवढी धग इंजिन गार करणाऱ्या पाण्यातून फुकट मिळते. वाफ वेगळी काढून थंड केली, क्षार घालून चव आणली, की झाली आंघोळीची आणि चहाची सोय. आमच्या नळाचं पाणी त्याहून भोळं आहे. 1892 साली बांधलेल्या तानसाचं पाणी सुमारे शंभर किलोमीटर लांबून, मुख्यतः उतारावरूनच मुंबईत येतं. आमच्या इमारतीत मात्र त्याला वर चढवायला पहाटे पंप लागतो.

तर ही न उतरणारी बोट. मेंदूनं तीन दिवसांत हेलकाव्यांचा ताल पाठ केलेला असतो. पुढचा झोका कधी येणार हे आधीच हेरून तो शरीराला सावरत असतो, म्हणून चालताना आपण धडपडत नाही. जमिनीवर आल्यावर झोका येत नाही, पण मेंदूचं सावरणं थांबत नाही. लोकलमध्ये मला बरं का वाटत होतं, त्याचं उत्तरही इथेच आहे. गाडीत बसलं की हा त्रास मावळतो आणि स्थिर उभं राहिलं की परत येतो, ही त्याची खूणच. बहुतेकांचा दोन-तीन दिवसांत जातो. काहींचा, त्यातही मध्यमवयीन बायकांचा जास्त, महिनोन्‌महिने राहतो. त्याला फ्रेंचमधून आलेलं लांबलचक नाव आहे. न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी 2014 मध्ये त्यावर एक उपचार मांडला. भोवती फिरणारे पट्टे दाखवायचे आणि त्याच वेळी रोग्याचं डोकं त्याच्या भासाच्या तालात या खांद्याकडून त्या खांद्याकडे हलवायचं. पाठ झालेला ताल अशा रीतीनं पुसायचा.

आम्हाला तितकं लागलं नाही. बुधवारी पहाटे जाग आली तेव्हा पलंग पलंगासारखा होता. मी अंधारात डोळे मिटून झोक्याची वाट पाहिली, आला नाही. खरं सांगायचं तर जरा चुकल्यासारखं झालं. तेवढ्यात खाली सोसायटीचा पंप सुरू झाला आणि त्याची बारीक थरथर भिंतीतून पलंगापर्यंत चढत आली.

यांनी डोळे न उघडता विचारलं, "निघाली का?"