विशेषनामाची व्युत्पत्ती : ‘ग्वेन्डोलेन’ हे स्त्रीनाम

विशेषनामाची फोड करून मिळणारा अर्थ हाच त्याचा उगम, असे आपण सहज गृहीत धरतो. हे गृहीतक का तपासावे लागते, ते ‘ग्वेन्डोलेन’ या वेल्श वळणाच्या स्त्रीनामावरून पाहू.

१. अर्थ
वेल्श भाषेत ‘ग्विन’ म्हणजे पांढरा, शुभ्र. त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘ग्वेन’. मराठीत ‘पांढरा–पांढरी’ हा लिंगबदल शब्दाच्या अंती होतो. येथे तो मधल्या स्वरात झाला आहे. ‘ग्वेन’ला सुंदर, पवित्र अशाही अर्थच्छटा आहेत. ‘डोलेन’ म्हणजे कडे, कडी. म्हणून या नावाचा अर्थ ‘शुभ्र कडे’ असा सांगितला जातो.

२. उगम
जेफ्री ऑफ मॉन्मथ याने ११३६च्या सुमारास ब्रिटनच्या राजांचा दंतकथामिश्रित इतिहास लॅटिनमध्ये लिहिला. त्यातील ग्वेन्डोलेन ही कॉर्नवॉलच्या कोरिनिअसची कन्या. पती लॉक्रिनस तिचा त्याग करून एस्ट्रिल्डिसला राणी करतो, तेव्हा ती सैन्य घेऊन त्याच्यावर चालून जाते. लढाईत तो मारला जातो आणि पुत्र वयात येईपर्यंत ती पंधरा वर्षे राज्य करते. पुढे मर्लिनविषयीच्या काव्यात जेफ्रीने मर्लिनच्या पत्नीलाही हेच नाव दिले.

मात्र जुन्या वेल्श परंपरेत मर्लिनच्या कथेशी ‘ग्वेन्दोलाइ’ नावाच्या एका राजाचा संबंध आहे. हे पुरुषनाम जेफ्रीने स्त्रीनाम म्हणून वाचले असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ते ग्राह्य धरल्यास ‘शुभ्र कडे’ हा अर्थ नावाच्या जन्मापूर्वीचा नसून नंतर जोडलेला ठरतो. अशा अर्थयोजनेला आपण लोकव्युत्पत्ती म्हणतो.

३. प्रसार
एकोणिसाव्या शतकात हे नाव इंग्रजीत रुळले. जॉर्ज एलियट यांच्या ‘डॅनियल डेरोंडा’ (१८७६) या कादंबरीची नायिका हेच नाव धारण करते. १९५०मध्ये कवितेसाठी पुलित्झर पुरस्कार मिळवणाऱ्या अमेरिकन कवयित्री ब्रुक्स यांचे नाव ‘ग्वेन्डोलिन’ या रूपात आढळते.

सारांश
उगम चुकीच्या वाचनात असला, तरी नाव खोटे ठरत नाही. वापराने ते भाषेचे होते. मात्र व्युत्पत्ती सांगताना आधी सर्वांत जुनी लेखी नोंद पाहावी, मग फोड करावी.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न
आपल्या गावाच्या नावाचा रूढ अर्थ लिहा. त्याला जुन्या नोंदीचा आधार आहे की ती लोकव्युत्पत्ती आहे, ते तपासा.