उडी मारणारी मुंगी

ज्यांच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्या सरांनी शाळेमागील रानात आम्हांस ही मुंगी दाखविली होती. मी ती चिमटीत धरली, आणि तिची नांगी अद्याप विसरलो नाही! वर वळलेला लांब जबडा आणि डोक्याच्या अग्रभागी मोठे डोळे, या तिच्या खुणा. जेर्डन यांनी १८५१ मध्ये तिचे वर्णन करून ‘हार्पेग्नेथॉस’, म्हणजे विळ्याच्या जबड्याची, ही प्रजाती स्थापिली. ती एकटीच हिंडते, भक्ष्य डोळ्यांनी हेरते व झेप घेऊन त्यास नांगीने बधिर करते.

वर्गात आम्ही राणी व कामकरी असे दोन रकाने आखले होते. येथे ते टिकत नाहीत. राणी मेली की कामकरी मुंग्या शृंगिकांनी झुंजतात. त्यांतील काही विजयी अंडी घालू लागतात आणि त्यांचा मेंदू आकसतो. त्यांस पुन्हा कामकरी व्हावे लागले, तर तो पूर्ववत् वाढतो, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.