तेरवी न विसरलेला मुलगा

बापाच्या खुनाचा सूड घ्यायचा सोडून हॅम्लेट का थांबतो, या प्रश्नाची उत्तरे देणाऱ्यांनी बहुतेक वेळा त्याच्या स्वभावातच खोट शोधली. गटेने त्याला नाजूक ठरवले, कोलरिजने विचारांत बुडवले. ब्रॅडलीने १९०४ साली त्याच्या विषण्णतेवर बोट ठेवले. फ्रॉईड आणि अर्नेस्ट जोन्स त्याला आईपाशी नेऊन थांबले, तर एलियटने १९१९ साली नाटकच फसल्याचा निकाल दिला. ऑलिव्हिएच्या १९४८च्या चित्रपटाने तर आरंभीच सांगून टाकले, की मन ठरवू न शकलेल्या माणसाची ही शोकांतिका आहे. हे सारे आपल्याकडच्या पदव्युत्तर वर्गांत वर्षानुवर्षे उतरवून दिले जाते आणि उत्तरपत्रिकांत परत येते, म्हणून इथे त्यावर जास्त जागा घालवत नाही.

मला आगरकरांपाशी थांबायचे आहे. त्यांनी केलेला हॅम्लेटचा अनुवाद, ‘विकारविलसित’, १८८३ साली आला. त्याआधीच्या वर्षी आगरकर टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात होते आणि हे काम तिथेही त्यांच्या हाताशी होते. त्यांच्या चंद्रसेनाला, म्हणजे मराठी हॅम्लेटला, पुढे शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी देह आणि आवाज दिला. गणपतराव १९२२ साली गेले, पण त्यांच्या चंद्रसेनाच्या आठवणी सांगणारी माणसे त्यानंतर कितीतरी वर्षे होती. या भूमिकेचे कौतुक पुष्कळ झाले. आगरकरांपुढच्या पेचाबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. विधवेने पुन्हा संसार करावा यासाठी ज्या माणसाने आयुष्यभर शिव्याशाप सोसले, त्याच माणसाने विधवा राणीच्या पुनर्विवाहावर आग ओकणारा नायक मराठीत आणला. हॅम्लेटचा राग जर त्या लग्नावरच असेल, तर आगरकरांनी आपल्याच मताविरुद्धचे नाटक निवडले असे म्हणावे लागेल. मला ते पटत नाही. त्या रागाचे कारण वेगळे आहे आणि ते मला आमच्या झाडीपट्टीत उमगले.

इलिझाबेथच्या इंग्लंडात दिराशी लग्न हे धर्माच्या दृष्टीने पाप होते, म्हणून हॅम्लेट त्याला अगम्यागमन म्हणतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत ते कोणाला तसे वाटणार नाही. गोंडांमध्ये आणि इतरही कित्येक समाजांत विधवेने धाकट्या दिराशी संसार मांडणे ही रूढ गोष्ट आहे. सिंदेवाहीकडच्या एका गावात, रात्रीच्या प्रयोगाआधी मांडवामागे बसलेल्या नटांना मी एकदा ही सगळी गोष्ट सांगितली. राणीने दिराशी लग्न केले, इथे कोणाच्या कपाळाला आठी पडली नाही. पण किती दिवसांत केले हे सांगितल्यावर ऑर्गनवर बसलेले वयस्क गृहस्थ ताडकन म्हणाले, “बापाची तेरवी होऊन दोन महिने नाही झाले अन् मायनं लगन लावलं? मंग पोराचं डोस्कं फिरंलच नं!” तेरवीचे उरलेले अन्न लग्नाच्या पंगतीत वाढले गेल्याची जी कडवट तक्रार हॅम्लेट आपल्या मित्रापाशी, होरॅशिओपाशी करतो, ती या माणसाने मूळ नाटकाची एक ओळ न वाचता पकडली होती.

हॅम्लेटची खरी व्यथा हीच आहे. मारल्या गेलेल्या बापाचे भूत त्याच्याकडे दोन गोष्टी मागते. सूड घे, ही पहिली. मला विसरू नकोस, ही दुसरी, आणि जाता जाता भुताच्या तोंडी तीच आहे. भूत गेल्यावर हॅम्लेट तलवारीला हात घालत नाही. मनाच्या पाटीवरचे बाकीचे सगळे पुसून एवढेच ठेवीन, अशी शपथ तो घेतो. दरबारात सारे जण विसरले आहेत; राणी विसरली, मंत्री विसरले, ज्यांनी काल नव्या राजाची टवाळी केली तेच आज त्याची चित्रे विकत घेत आहेत. आठवण ठेवणारा एकटा मुलगा, म्हणून तो वेडा दिसतो.

भामरागडच्या बाजूला माडिया माणसे गेलेल्याच्या नावाने दगड उभा करतात. चंद्रपुरात राणी हिराईने आपल्या मारल्या गेलेल्या नवऱ्याची, राजा वीरशहाची, समाधी बांधली आणि राज्याचा कारभारही सांभाळला. त्या समाधीजवळून रोज शाळेत जाणाऱ्या मुलाला हॅम्लेटच्या आईचा, गर्ट्रूडचा अपराध समजावून सांगावा लागत नाही. कारण हिराईने जे केले, नेमके तेच गर्ट्रूडने केले नाही.

सुडाचे म्हणाल, तर न थांबणारा मुलगा आपल्याकडेही आहे. बाप मारला गेल्यावर अश्वत्थामा थांबला नाही. रात्री छावणीत शिरून त्याने झोपलेल्यांना कापले, आणि अजूनही तो कपाळावरची जखम घेऊन भटकतो आहे, असे आपले लोक मानतात. प्रार्थनेला बसलेल्या खुनी काकामागे, क्लॉडियसमागे हॅम्लेट उभा असतो तेव्हा मला दरवेळी ती रात्र आठवते. यावर एक विद्वान मला नेहमी सुनावत, की हॅम्लेट दयेने थांबत नाही. शत्रू प्रार्थना करताना मेला तर स्वर्गात जाईल, या क्रूर हिशेबाने थांबतो. त्याचे शब्द तसे आहेत, हे खरे. पण पुढचाच प्रवेश पाहा. आईच्या महालात पडद्यामागे कोण आहे हे न पाहता तो तलवार खुपसतो आणि मंत्री पोलोनियस मरतो. या नाटकात न थांबता केलेला घाव हाच, आणि त्याच्या मुलीचे, ऑफेलियाचे वेड, तिचा मृत्यू, तिच्या भावाचे, लेआर्टिसचे विष हे सारे त्याच घावातून निघते.

तो थांबतो त्या काळात करतो काय? नाटक करतो. गावोगाव फिरणारी मंडळी दरबारात येते. तो नटांचे स्वागत करतो, हातवारे कसे करावेत, विदूषकाने पदरचे बोलू नये, हे सांगतो आणि त्यांच्याकडून खुनाचा प्रवेश करवून घेऊन राजाच्या चेहऱ्यावर पुरावा वाचतो. सगळ्यांनी मिळून विसरलेली गोष्ट भर दरबारात पुन्हा घडवून दाखवायला त्याच्याजवळ दुसरे साधन नाही. हा भाग माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाच्या दिवसांत वडशाहून निघणाऱ्या नाटक कंपन्या याच जातीच्या आहेत. दिवसा बैलांचा पट, रात्री नाटक, पाहुण्यांनी भरलेली घरे आणि पहाटेपर्यंत न हलणारे प्रेक्षक! खलनायकाचे पाप रंगमंचावर उघडे पडते तेव्हा हे प्रेक्षक कसे उसळतात, ते ज्याने पाहिले त्याला हॅम्लेटचा बेत अव्यवहारी वाटणार नाही.

झाडीपट्टी म्हणजे भडक कौटुंबिक नाट्य, तिथे हॅम्लेटसारखा अंतर्मुख नायक पेलणार नाही, असे शहरातले काही जाणकार सांगतात. नागपूरच्या नाना जोगांचा अनुवाद घेऊन चंद्रकांत कुलकर्णींनी २०१८ साली सुमीत राघवनला उभे केले. तो प्रयोग देखणा होता आणि भाषा कानाला गोड लागली. पण शहरी रंगभूमीला वेळेची कात्री चालवावीच लागते. न कापता केलेला हॅम्लेट चार तासांच्या पुढे जातो. रात्री दहा-अकराला पडदा उघडून पहाटेपर्यंत चालणारी रंगभूमी आमच्याकडे आजही टिकून आहे. तेव्हा लांबीची अडचण आम्हाला सांगू नये. आणि अंतर्मुखतेचे म्हणाल, तर पल्लेदार स्वगत हजारो माणसांच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणे ही आमच्या नटांची परंपराच आहे. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीकडे आजवर ढुंकून न पाहिलेल्यांनीही लेख लिहिले. त्यांच्यापैकी किती जण नंतर वडशाला उतरले?

तरी आमच्या घरातली पडझड झाकून ठेवणार नाही. पौराणिक आणि ऐतिहासिक नाटके मागे पडली. तालमी आटल्या, प्रॉम्प्टरच्या आवाजावर रात्र निभावली जाते. कथेशी संबंध नसलेल्या लावण्या घुसल्या आणि विनोद दुहेरी अर्थावर जगू लागला. शहरातला मालिकेतला चेहरा आणला की जाहिरात होते, मग संहितेकडे कोण बघतो? एकेकाळी माणसे घरी जाताना संवाद म्हणत जात. आता त्यांच्या हातात मोबाईलवरची नाचाची चित्रफीत असते. याचे मला दुःख आहे, कारण ज्या नटांत चंद्रसेन करण्याची ताकद आहे ते दारुड्या नवऱ्याच्या भूमिकांत झिजत आहेत.

म्हणून वडशाच्या निर्मात्यांपुढे माझे म्हणणे मांडतो. हॅम्लेट झाडीबोलीत करा. राजा-राणी प्रमाण मराठी बोलोत, पण कबर खोदणारे, फिरते नट आणि पहारेकरी आपल्या बोलीत बोलू द्या. लावणी लागणारच असेल तर ती क्लॉडियसच्या लग्नाच्या मेजवानीत ठेवा. सारा दरबार ती रंगून पाहतो आहे आणि एक मुलगा काळ्या कपड्यांत बाजूला उभा आहे, एवढ्याने त्या प्रवेशाचे काम होईल. विनोदी नटाला कबर खोदणारा द्या, त्याला द्व्यर्थी वाक्यांची गरज पडणार नाही. आणि उजाडत आले म्हणून शेवट आटोपू नका. प्रेते पडली की पडदा टाकायची घाई होते. मरणारा हॅम्लेट होरॅशिओच्या हातातला विषाचा पेला हिसकावून घेतो, जिवंत राहून माझी हकीकत सांग म्हणतो, मग नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिन्ब्रास येतो आणि होरॅशिओ त्याच्यापुढे सांगायला उभा राहतो. हा भाग पूर्ण व्हायला हवा. होरॅशिओसाठी कंपनीतला सर्वांत चांगल्या आवाजाचा नट राखून ठेवा.