कूलर कोठे गारवा देतो, कोठे देत नाही

उन्हाळा तोंडावर आला की आमच्या माजी विद्यार्थ्यांचे दूरध्वनी येऊ लागतात. कोणी नागपुरास नोकरीला, कोणी सोलापुरास, कोणी पुण्यास स्थिरावलेला. "सर, वसतिगृहातल्या मुलांसाठी कूलर पाठवतो," हा प्रेमळ आग्रह ठरलेला. गेल्या वर्षी असाच एक कूलर आला. पहिल्या रात्री मुले मोठ्या आनंदाने त्याच्यासमोर झोपली आणि पहाटे उठली ती घामाने चिंब होऊन. फळीवरच्या वह्याही सादळल्या होत्या. यंत्रात दोष नव्हता. देणाऱ्याच्या भावनेत तर नव्हताच. मग चूक कोठे झाली? हा प्रश्न आम्ही विज्ञानाच्या तासाला मुलांसमोरच ठेवला.

कूलर हवा थंड करतो तो पाण्याच्या गारपणाने नव्हे, तर पाण्याच्या वाळण्याने. एक लीटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेते. माठातले पाणी गार होते तेही याच न्यायाने. ही युक्ती जुनी आहे. मोगल काळात खसाच्या ताट्या होत्या. पुढे इंग्रजी अमलात साहेबांच्या बंगल्यांना खसाचे पडदे लावीत आणि नोकर भर दुपारी त्यांवर पाणी शिंपीत. गारवा एकाच्या वाट्याला, घाम दुसऱ्याच्या! आज ते काम पंप करतो, हे यंत्राचे खरे उपकार. निसर्गाचा नियम मात्र बदललेला नाही: पाणी वाळायला हवा कोरडी लागते.

मुलांनी दोन तापमापक टांगले. एकाच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळली. मे महिन्यातल्या त्या दुपारी कोरडा पारा ३३ अंशांवर होता, तर ओला साडेअठ्ठावीसवर. या दोहोंतल्या अंतराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग चांगला कूलर कापू शकतो. म्हणजे आमच्याकडे फार तर साडेतीन अंश, आणि त्या बदल्यात खोलीत वाढलेला दमटपणा. त्यामुळे अंगावरचा घाम वाळेनासा होतो. उलट नागपुरास ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर ओला पारा २४ च्या आसपास राहतो. तेथे कूलरची हवा साधारण साडेअठ्ठावीस अंशांची मिळते. सोपी खूण सांगायची तर, दोरीवरचा कपडा जितक्या लवकर वाळतो, तितका कूलर चांगला चालतो.

जे देशावर वा विदर्भात राहतात, त्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. कूलर खोलीच्या आत न ठेवता खिडकीबाहेर सावलीत बसवावा, म्हणजे त्याला ताजी कोरडी हवा मिळते. समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी. दमट हवेला वाट नसेल तर तासाभरात खोली कोंदट होते. पंखा लावण्याआधी दहा मिनिटे पंप चालवून गवताच्या जाळ्या पुरत्या भिजू द्याव्यात. त्यांवर क्षारांचा थर चढला वा गवत खाली बसले, तर हंगामाच्या आरंभी त्या बदलाव्यात. टाकीत बर्फ टाकण्याचा खर्च व्यर्थ आहे. एक किलो बर्फ वितळताना जेमतेम ८० किलोकॅलरी शोषतो. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून, कोरडी करावी; डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो. पाणी भरताना प्लग काढलेला असावा आणि अर्थिंग तपासून घ्यावे, कारण ओल्या हातांनी पत्र्याच्या कूलरला स्पर्श करणे जिवावर बेतू शकते.

मालवण किनाऱ्यावर मात्र वेगळा विचार हवा. जमिनीकडून कोरडा, उष्ण वारा सुटतो त्या दिवसांत कूलर उपयोगी पडेल. एरवी पंप बंद ठेवून त्याचा केवळ पंखा म्हणून वापर करावा. येथे शरीराला गारवा मिळतो तो वाहत्या वाऱ्याने. दुपारचा खारा वारा आत येईल अशी पश्चिमेची खिडकी आणि तो बाहेर जाईल अशी समोरची खिडकी, दोन्ही उघड्या हव्यात. स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात द्यावा, उन्हाच्या बाजूच्या भिंतीला माडाच्या झापांचा आडोसा करावा आणि छताचे पंखे सुस्थितीत ठेवावेत.

म्हणून आमच्या माजी विद्यार्थ्यांना नम्र विनंती: कूलर पाठवू नका. तेवढ्याच रकमेत छताचे पंखे येतील, खिडक्यांना डासांच्या जाळ्या बसतील. जाळ्या नाहीत म्हणून आज रात्री खिडक्या बंद कराव्या लागतात आणि मुले उकाड्यात तळमळतात. दानाला प्रज्ञेची जोड मिळाली, तर या मुलांना उन्हाळ्यातही शांत झोप लागेल आणि सकाळी ती ताज्या मनाने पुस्तक उघडतील.