फॉरमॅट मारण्याआधी

संगणक सुरू झाला नाही की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘विंडोज उडाली असेल, फॉरमॅट मारून घ्या.’ फॉरमॅट मारला जातो, चार दिवस बरे जातात आणि यंत्र पुन्हा काळ्या पडद्यावर येऊन थांबतं. कारण बिघाड विंडोजमध्ये नव्हताच. तो रॅमच्या पट्टीत होता, मरायला टेकलेल्या हार्ड डिस्कमध्ये होता किंवा मदरबोर्डवरच्या फुगलेल्या कॅपेसिटरमध्ये. दोष यंत्राचा की त्यात भरलेल्या प्रणालीचा, हे आधी ठरवायला हवं. ते ठरवायला मला पपी लिनक्स या छोट्या संगणकप्रणालीइतकं कामाचं दुसरं साधन सापडलेलं नाही. फुकट आहे, पेनड्राइव्हवर मावतं आणि जुन्यापान्या यंत्रावरही उठून उभं राहतं.

ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये पपीची पहिली आवृत्ती काढली. नाव त्यांच्या घरच्या इवल्याशा चिवावा कुत्र्याचं. दहाएक वर्षांनी ते या कामातून बाजूला झाले. तेव्हापासून जगभरचे हौशी लोक पपी चालवताहेत. उबुंटू, डेबियन, स्लॅकवेअर अशा मोठ्या लिनक्समधलं सामान घेऊन नवनवे ‘पप’ बांधले जातात. २०२० चा फॉसापप ४०० एमबीच्या आसपास आहे. डेस्कटॉप समोर आला की स्पीकरमधून भुंकण्याचा आवाज येतो. पोरकटपणा वाटेल, पण तो ऐकू आला म्हणजे साउंड कार्डाची तपासणीही झाली.

पपीची खरी करामत त्याच्या बूट होण्यात आहे. आधी कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, चढतो, मग एक छोटी तात्पुरती फाइलव्यवस्था, आणि ती ‘एसएफएस’ नावाची दाबून लहान केलेली मुख्य फाइल शोधते. रॅम पुरेशी असेल तर ही अख्खी फाइल रॅममध्ये उतरते. पुढचं सगळं तिथूनच चालतं. हार्ड डिस्कला हात लागत नाही. डिस्क काढून बाजूला ठेवली तरी पपीचं काही अडत नाही. म्हणून निदान सोपं होतं. डिस्कची वायर काढून पपी तासभर सुरळीत चालला, तर रॅम, प्रोसेसर आणि बोर्ड बहुतेक ठीक. संशय डिस्कवर किंवा विंडोजवर. पपीही मध्येच गोठला, तर मात्र फॉरमॅट मारून काय उपयोग? यंत्र बंद करा, वीज काढा, रॅमची पट्टी उपसून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके घासा, दुसऱ्या खाचेत बसवून बघा. मग मेमटेस्ट ही रॅमची चाचणी रात्रभर चालू ठेवा. त्यात एक जरी चूक लाल अक्षरांत दिसली तरी ती पट्टी बहुधा बाद.

अडला तर पपी निदान कुठे अडला ते सांगतो. ‘एसएफएस फाइल सापडली नाही’ असं म्हणून तो थांबला तर लोक घाबरतात. वास्तविक ही बरी बातमी आहे : कर्नल चढला, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम निदान जागे आहेत; फक्त पेनड्राइव्ह दिसत नाही. निळ्या पोर्टातून काढून काळ्यात लावला की अनेकदा काम होतं. अक्षरं पळाली आणि नंतर पडदा काळा पडला, तर बोट ग्राफिक्सकडे दाखवावं. बूटच्या ओळीत ‘नोमोडसेट’ जोडून पाहावं. जुन्या पेंटियम एम लॅपटॉपची गंमत आणखी वेगळी. त्यातल्या काही प्रोसेसरांना ‘पीएई’ ही मेमरी हाताळण्याची पद्धत येते, पण येते असं ते सांगत नाहीत. कर्नल त्यांच्या गप्प राहण्यावर विश्वास ठेवून अडून बसतो. ‘फोर्सपीएई’ लिहिलं की मुकाट्याने पुढे जातो. काही स्वस्त ॲटम यंत्रांत प्रोसेसर ६४ बिटी आणि बूट करणारं फर्मवेअर ३२ बिटी, असा विजोड संसार असतो. तिथे पेनड्राइव्हवर ३२ बिटी बूट-फाइलही ठेवावी लागते.

सर्वांत फसवा बिघाड मात्र सीआर २०३२ या चपट्या सेलचा. इंटरनेट जोडलेलं, सिग्नल भरपूर, तरी एकही साइट उघडत नाही. ब्राउझर सुरक्षेच्या नावाने ओरडतो. लोक वाय-फायचा ड्रायव्हर शोधत बसतात. कोपऱ्यातली तारीख बघावी : दहा-पंधरा वर्षं मागे गेलेली असते. सेल मेला, घड्याळ मागे गेलं, आणि साइटची प्रमाणपत्रं त्या तारखेला ‘अजून जन्माला न आलेली’ ठरली. शिवाय बायॉसमधला बूटचा क्रमही पुसला जातो, म्हणून यंत्र पेनड्राइव्हकडे बघतच नाही. किराणा दुकानातही मिळणारा सेल घातला, तारीख आणि बूटचा क्रम पुन्हा लावला की दोन्ही तक्रारी एकदम जातात.

पपीचे स्वतःचे आजारही आहेत. तुमचं काम तो एका ‘सेव्ह फाइल’मध्ये ठेवतो. ती ब्राउझरच्या कचऱ्याने भरली की डेस्कटॉप येईनासा होतो. भारनियमनात वीज गेली तर ती दुखावते. अशा वेळी बूटच्या ओळीत ‘पीफिक्स=रॅम’ लिहून ती बाजूला ठेवून चढता येतं; ‘पीफिक्स=एफएससीके’ लिहून तिची तपासणी करता येते. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ते आपलं विभाजन अर्धवट झोपवून जातं, मग पपीला त्यावर लिहिता येत नाही. दोष पपीवर येतो, करणी विंडोजची. ब्रॉडकॉमच्या वाय-फायमध्ये दोन ड्रायव्हर एकाच चिपवर हक्क सांगतात. एकाला घरी बसवावं लागतं. आणि जुन्या पपवर मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसले तर तो बिघाड नव्हे, फॉन्ट नाही इतकंच. ‘लोहित’ बसवावा. त्याची मुळं पुण्यातच आहेत.

पपीत सगळं काम ‘रूट’ म्हणून, म्हणजे सर्वाधिकार हातात घेऊन चालतं. यावर जाणकार वर्षानुवर्षं नाक मुरडत आले आहेत. दुरुस्तीच्या टेबलावर ही मोकळीक सोयीची आहे. चार जण वापरतात त्या घरच्या किंवा ऑफिसच्या संगणकावर मी ती ठेवणार नाही. १ जीबी रॅमवर आजच्या साइट सुसाट पळतील, अशी आशाही करू नये. टायपिंग, गाणी, पीडीएफ, इथवर ठीक.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि धडधाकट यंत्रं भंगारात निघू लागली. तुमचं त्यात असेल तर आधी त्यावर पपी चढवून बघा. फक्त एक लक्षात ठेवा : डिस्क टकटक आवाज करत असेल तर तिच्यावर कुठलाही प्रयोग करू नका. पपी सुरू करा, आधी फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. दुरुस्ती नंतर.